दोघांची उसळी: अंगणात नेमकं काय बांधायचं?

धाकट्या बहिणीचा कराडहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका गेटला बिजागऱ्या लावत होतो. "दादा, पोरांना उड्या मारायला काहीतरी करून दे. पण दोघांनी मिळून खेळायचं असलं पाहिजे. एक खेळतोय आणि एक भोकाड पसरतोय, ते आता पुरे झालं." मोठा नऊ वर्षांचा, वजन 28 किलो. धाकटी पाचाची, 17 किलो. अंगण वीस बाय पंधरा फुटांचं, त्यात एका कोपऱ्यात तुळस आणि एका कडेला दाजींची गाडी.

मी फॅब्रिकेशनवाला. वाटलं, दोन स्प्रिंगा, चार पाइप, रविवारी काम उरकेल. कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की सगळी गोम "दोघांनी मिळून" या दोन शब्दांत आहे. एकट्याचं खेळणं असेल तर ते किती उसळतं तेवढं बघायचं. दोघांचं असेल तर एकाने मारलेला जोर कुठे जातो ते आधी बघावं लागतं. दुसऱ्याला मिळतो, की त्याच्या अंगावर येतो? खालच्या सगळ्या पर्यायांना मी हाच प्रश्न विचारलाय.

आधी एक मोजमाप, ते सगळीकडे उपयोगी पडतं. दोन्ही पोरं खेळण्यावर शांत बसवायची आणि ते किती सेंटिमीटर खाली दबलं ते पट्टीने मोजायचं. त्या आकड्याचं वर्गमूळ काढून 5 ला त्याने भागायचं. सेकंदाला किती हेलकावे बसतील ते येतं. 4 सेंटिमीटर दबलं तर अडीच, 25 दबलं तर एक. सेकंदाला दीड ते दोन हेलकावे अंगाला गोड लागतात. दोनच सेंटिमीटर दबलं तर साडेतीन हेलकावे येतात, आणि ती उसळी नव्हे, खडीच्या रस्त्यावरची एसटी. आणखी एक: कुणी धप्पकन बसलं की शांतपणे बसल्यावर दबतं त्याच्या दुप्पट दबतं. त्यामुळे खाली मोकळी जागा तिपटीने ठेवायची.

ट्रॅम्पोलिन

बहिणीच्या मनात हेच होतं: चौकटीत स्प्रिंगांनी ताणून बसवलेलं कापड, त्यावर उड्या मारायच्या. भाचा एका वाढदिवसाला मॉलमध्ये उड्या मारून आला होता, तेव्हापासून हट्ट चालू.

खेळणं जुनं आहे. अमेरिकेतल्या आयोवात जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिसवोल्ड यांनी 1934 मध्ये पहिलं आधुनिक ट्रॅम्पोलिन बांधलं, आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो पदकाचा खेळ झाला. जोडीने उड्या मारायची स्पर्धाही असते, पण तिथे दोन खेळाडू दोन वेगळ्या ट्रॅम्पोलिनवर असतात. पट्टीचे खेळाडूसुद्धा एका कापडावर जोडीने उतरत नाहीत, यातच उत्तर आलं.

कारण साधं आहे. भाचा 40 सेंटिमीटरवरून खाली आला की साधारण 110 जूल ऊर्जा कापडात साठते. नेमकी त्याच वेळी भाची कापडावर असेल आणि त्यातली निम्मी तिच्या वाट्याला गेली, तर तिच्या स्वतःच्या उडीवर आणखी 33 सेंटिमीटर उंची चढते. ती तिने मागितलेली नाही, तिला अपेक्षितही नाही. दाजी हौसेने चढले तर विचारूच नका. सत्तर किलोचा माणूस फूटभर उडाला तरी त्याच हिशेबाने पोरगी 60 सेंटिमीटरवर. इथे दुसऱ्याचा जोर भेट म्हणून येत नाही, तडाखा म्हणून येतो, आणि तो नेहमी हलक्यालाच बसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणूनच एका वेळी एकानेच उडी मारावी असं सांगते. सहा वर्षांखालच्या मुलांना त्यावर चढवूच नये, असं तिथले हाडांचे डॉक्टर सांगतात. भाची पाचाची. म्हणजे बहिणीच्या घरात हे खेळणं "एक खेळतोय, एक रडतोय" याच पाटीचं.

एकुलतं एक मूल असेल, सहाच्या वर असेल आणि बाजूला जाळी असेल तर जरूर घ्या. जोडीसाठी नको.

स्प्रिंगचा सी-सॉ

माझा पहिला कल इकडे होता, कारण हे माझ्या हातचं काम. मधे खांब, वर दांडी, दोन टोकांखाली स्प्रिंगा. एक खाली गेला की दुसरा वर. जोर थेट समोरच्याला मिळतो, आणि दांडी दोघांना बांधून ठेवत असल्यामुळे कुणी हवेत सुटून जात नाही. एकट्याला खेळता येत नाही, हा बहिणीच्या दृष्टीने गुणच.

अडचण वजनाची. 17 किलोची पोरगी मधल्या टेकूपासून 120 सेंटिमीटरवर बसली तर 28 किलोच्या पोराला 73 सेंटिमीटरवर बसवावं लागतं. म्हणजे त्या बाजूला दोन-तीन बैठका किंवा सरकती बैठक हवी. सरकती बैठक केली की तिचा बोल्ट रोज कुणी आवळायचा, हा नवा प्रश्न. शिवाय पोरं वर्षाला दोन-तीन किलोंनी वाढतात आणि दोघं सारखी वाढत नाहीत. आज बसवलेला तोल पुढच्या दिवाळीला हुकणार.

स्प्रिंगांबद्दल चार शब्द, कारण भंगारवाल्याकडे जाऊन लोक हमखास चुकतात. मोटारसायकलचे जुने शॉकअप स्वस्तात मिळतात म्हणून लावू नका. शॉकअपच्या आतलं तेल उसळी जिरवण्यासाठीच भरलेलं असतं. तुम्ही उसळी विकत घ्यायला गेलात आणि उसळीचा मारेकरी घरी आणलात. वरची स्प्रिंगही गाडी आणि दोन मोठ्या माणसांच्या वजनाला बेतलेली, पोरांच्या वजनाने ढिम्म हलत नाही. टेम्पोचा पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, चांगला, पण त्याला वेल्डिंग करायचं नाही. स्प्रिंगच्या पोलादाला टाका मारला की शेजारची जागा ठिसूळ होते आणि एक दिवस काडकन तुटते. यू-बोल्टने आवळायचा. आणि उघडी वेटोळी स्प्रिंग असेल तर वेटोळ्यांमधली फट बघायची. खेळाच्या मैदानांच्या युरोपीय नियमांत 8 ते 25 मिलिमीटरची फट बोट अडकणारी धरतात. स्प्रिंग दबताना मोठी फट लहान होते, हे विसरलं की बोट गेलंच. म्हणून स्प्रिंगला कॅनव्हासचा किंवा रबराचा बुरखा हवा.

जुळी पोरं असतील, किंवा वजनात तीन-चार किलोंचाच फरक असेल, तर मी डोळे झाकून सी-सॉ म्हणेन. इथे फरक अकरा किलोंचा आहे.

ट्रॅक्टरची ट्यूब

आमच्याकडे ओढ्यात पोहायला शिकण्यापासून सगळ्याला ट्यूब चालते, तशी याला पण. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब बेताची फुगवायची, वरून नवार विणायची, जशी बाजेला विणतात, आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. गंमत अशी की ट्यूबभर हवा एकच. एक बसला की दुसऱ्याच्या खालची बाजू फुगते. सी-सॉची देवाणघेवाण, पण मऊ. पडलं तरी जमीन फूट-दीड फुटावर.

तोटे किरकोळ पण रोजचे. वॉल्व्हची नळी पोटरीला ओरखडते, ती खाली वळवून फडक्यात गुंडाळावी लागते. एप्रिलमध्ये काळं रबर तापून चटके बसतात. नवार सैल पडली की मधल्या भोकात पाय जातो. आणि जोर एका दिशेला न जाता चहूकडे पसरतो, त्यामुळे पोरं कडेला कलंडतात. भाडेकरू असाल, घर बदलणार असाल, किंवा मुलांना हा खेळ चार दिवस तरी आवडेल का याचीच खात्री नसेल, तर आधी ट्यूब आणा. बहिणीला तेच सांगितलं होतं, पण दाजींना अंगणात ट्यूब बघवत नाही. पंक्चरचं दुकान वाटतं म्हणे.

कान असलेले मोठे रबरी चेंडू, ज्यांवर बसून टुणटुण जातात, तेही बाजारात आहेत. दोघांना दोन घेतले की भांडण मिटतं, पण तो दोघांचा खेळ राहत नाही. शर्यत होते आणि मोठाच जिंकतो.

फळी

आता माझ्या आवडीचा पर्याय. मी लोखंडवाला असून लाकडाची बाजू घेतोय, हे लक्षात घ्या.

उसळत्या फळीचे दोन अवतार मला माहीत आहेत. एक कोरियातला नोल्त्वीगी. गवताच्या पेंढीवर लांब फळी आडवी टाकायची आणि दोन टोकांना दोघींनी उभं राहायचं. एक उडून खाली आली की दुसरी हवेत. नववर्षाच्या सणाला बायका-मुली पारंपरिक पोशाखात हा खेळतात. आपल्या मंगळागौरीसारखाच, अंग मोडून खेळायचा. जोराची देवाणघेवाण याच्याइतकी उघड कुठेच नाही, पण तोल आणि ठेका दोन्ही पक्के हवेत. पाच वर्षांच्या पोरीचं ते काम नव्हे.

दुसरा अवतार अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातला, चार्ल्स्टनच्या आसपासच्या घरांच्या व्हरांड्यांत दिसणारा जॉगलिंग बोर्ड. दहा ते सोळा फूट लांबीची लवचीक पाइनची फळी, दोन्ही टोकांना आधाराच्या घोड्या, आणि मधे बसून हलकेच उसळायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांधेदुखीने बेजार झालेल्या एका बाईला थोडा व्यायाम व्हावा म्हणून स्कॉटलंडच्या नातेवाइकांनी याचा नमुना पाठवला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. फळी मधे लवते, त्यामुळे दोन टोकांना बसलेली माणसं उसळता उसळता मधे सरकत येतात. लग्न ठरण्याच्या वाटेवरच्या जोडप्यांना याचा फायदा झाल्याचे किस्सेही तिथलेच. आपल्याकडे झोपाळ्याने जे काम केलं तेच.

माझ्या प्रश्नाला या फळीचं उत्तर सगळ्यांत चांगलं आहे. एकाचा जोर फळीतून दुसऱ्यापर्यंत जातो, पण वाटेत मऊ होतो. दोघं एकाच दिशेने, एकाच वेळी खाली-वर होतात, त्यामुळे वजनाचा तोल जुळवायची गरज नाही. 28 आणि 17 चालतं, 28 आणि आजीसुद्धा चालते. मोठ्याचे पाय जमिनीला टेकतात, म्हणजे थांबवणं त्याच्या हातात. धाकटीला जोर लावता आला नाही तरी उसळी मिळते.

मापं अशी काढली. दोन आधारांमधलं अंतर 3.6 मीटर, रुंदी 30 सेंटिमीटर. चांगल्या सागवानाची 3 सेंटिमीटर जाड फळी मधोमध 45 किलोंनी साधारण पावणेसहा सेंटिमीटर लवते, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. हवे तेवढेच. तीच 4 सेंटिमीटर जाड घेतली तर जेमतेम अडीच सेंटिमीटर लवते, कारण ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. सुताराला "जरा दणकट कर" म्हणालात की खेळण्याचं बाक झालंच. रंध्याचे दोन हात कमी-जास्त इथे फार महाग पडतात.

बारा फुटी, फूटभर रुंद, बिनगाठीची सागाची फळी मिळणं कठीण आणि मिळाली तर खिशाला भोक. अर्ध्या रुंदीच्या दोन घेऊन खालून आडव्या पट्ट्यांनी जोडल्या तरी चालतं. मधली फट 8 मिलिमीटरच्या आत ठेवायची, कारण वर सांगितलं तेच. पट्टी मधोमध नको, टोकांकडे हवी. गाठ असलीच तर तीही टोकाकडे जाऊ द्या, कारण सगळा ताण मधे येतो. निलगिरी स्वस्त पडते पण वाळताना पिळते. दोन पावसाळ्यांत फळीचा जिलेबीचा वळसा होतो.

मूळ बोर्डाच्या घोड्यांना खाली पाळण्यासारख्या वाकड्या पट्ट्या असतात, त्यामुळे फळी पुढे-मागेही झुलते. त्या मी काढून टाकल्या. त्यांच्याखाली पायाचं बोट सापडतं. घोड्या माझ्याच, 40 मिलिमीटरच्या चौरस पाइपच्या, फळीची उंची 45 सेंटिमीटर. एक टोक पिनने अडकवलेलं, दुसरं खोबणीत मोकळं. दोन्ही टोकं घट्ट आवळायची नाहीत. फळी लवली की टोकं एक-दोन सेंटिमीटर आत ओढली जातात. जागा दिली नाही तर बोल्टाच्या भोकापासून लाकूड फाटतं. मोकळ्या टोकाला फळी खोबणीतून बाहेर येऊ नये म्हणून चार इंचांचा जास्तीचा भाग आणि वर आडवा अडसर. खाली फूटभर वाळू.

असलं काही करून विकायचा कुणाचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि घरगुती झोके-घसरगुंड्यांसारख्या खेळण्यांसाठी आयएस 9873 या भारतीय मानकाचा चौथा भाग आहे. भाच्यांसाठी मामाने केलेल्या फळीला ते लागू नाही, पण तो भाग वाचून कोपरे गोल केले.

बहिणीला चारही पर्याय सांगितले तेव्हा ती म्हणाली, "फळीच कर. पण मी आणि हे बसलो तर चालेल ना?" दोघांचं मिळून 130 किलो. 3 सेंटिमीटरची फळी तेवढ्याने सतरा सेंटिमीटर लवते, धप्पकन बसलं तर चौतीस, आणि लाकडावरचा ताण पोरांच्या जवळपास तिप्पट. मी म्हणालो, तू आणि पोरगी बसा. दाजींना ट्यूब आणून देतो.