आयटीआयच्या मुलांचा नाश्ता : कुर्ल्यातलं एक घरगुती पोळी-भाजी केंद्र

कुर्ला पश्चिमेला मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पिठाची गिरणी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात हे केंद्र आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं ‘घरगुती पोळी-भाजी’ एवढंच रंगवलंय. आमची मुलं ‘मावशींकडे’ म्हणतात. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची निदेशिका आहे. या वयाच्या मुलांना दिवसभर बेंच व्हाइससमोर, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यासमोर, उभं करणाऱ्या प्रत्येक निदेशकाला आणि त्यांच्या आईवडिलांना ही जागा माहीत असायला हवी, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी खाण्याचं. पोहे २० रुपये. कांदा भरपूर, शेंगदाणे चांगले भाजलेले, वर खोबरं नाही पण लिंबाची फोड असते. उपमा ठीक, कधीकधी कोरडा होतो. मटकीची किंवा मुगाची उसळ आणि दोन चपात्या ४० रुपये, आणि याच एका पदार्थासाठी मी हे केंद्र कुणालाही सुचवेन. मटकीला मोड पूर्ण आलेले असतात, रस्सा पातळ असला तरी दाणा मोजकाच घातलाय असं कधी होत नाही. उकडलेलं अंडं १० रुपये, त्याची शेगडी आणि भांडी वेगळी. शेंगदाणा-गुळाचा लाडू १० रुपये, हा मुलं खिशात टाकून घेऊन जातात. ताक १५ रुपये, मला जरा आंबट वाटतं. साडेबारानंतर डाळ-भात-भाजी असते, पण आमच्या सकाळच्या पाळीच्या मुलांना खरी गरज त्याच्या खूप आधी असते.

ती गरज काय आहे हे वर्कशॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षाला आमच्याकडे फाइल मारणं, म्हणजे कानशीने लोखंड घासणं, चालतं. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, फाइल मारून पृष्ठभाग सपाट करायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडात बघायचा, पुन्हा मारायचा. खांदा, मनगट, पोटऱ्या सगळं कामाला लागतं. आठ वाजता मुलं ताजी दिसतात. दहाच्या पुढे हात कापायला लागतात, जॉब (हातातला तुकडा) वाकडा जातो, हॅकसॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) ब्लेड तुटतं, आणि ‘तू माझं ब्लेड घेतलंस’ यावरून गचांडी धरली जाते. कुणी व्हाइसच्या हँडलवर डोकं टेकून झोपतो. कुणी पाणी पिऊन येतो म्हणून जातो तो परत येतच नाही. ट्रेड टेस्टला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि ती पहिली इथेच गळते. स्टाफरूममध्ये या सगळ्याला ‘बेशिस्त’ म्हणतात. मीही म्हटलंय आणि कधीकधी ते खरंही असतं. पण मी मुलांना साधा प्रश्न विचारायला लागले, ‘सकाळी काय खाल्लंस?’ आणि त्याची उत्तरं ऐकून बेशिस्त या शब्दावर माझा विश्वास कमी झाला. चहा. चहा आणि टोस्ट. काही नाही. काल रात्रीपासून काही नाही.

कारणं सगळी घरात नाहीत, घड्याळातही आहेत. दिवा, मुंब्रा, टिटवाळ्याहून येणारा मुलगा आठच्या पाळीसाठी घरातून निघतो तेव्हा आई एक तर झोपलेली असते किंवा तीच कामाला निघालेली असते. गोवंडी-मानखुर्दहून हार्बरने येणारी मुलं संध्याकाळी कुठे ना कुठे काम करतात : केटरिंगला वाढपी, मोबाइलच्या दुकानात, पार्सल पोचवायला. घरी बारा-साडेबाराला, पुन्हा पाचला उठायचं. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय. आमच्या वर्गात तेवढं झोपणारी मुलं शोधावी लागतील. झोप मी त्यांना देऊ शकत नाही, मावशीही देऊ शकत नाहीत. पण नाश्त्याचं काहीतरी करता येतं.

शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. म्हणजे नेमकं ज्या वयात भूक दुप्पट होते तिथे तो संपतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ३३२० किलोकॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांतून १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, वर उसळ असेल तर सकाळचा वाटा बराचसा पूर्ण होतो. स्टेशनबाहेरच्या वडापावने पोट भरल्यासारखं वाटतं, पण तो दहा वाजताच्या फायलिंगपर्यंत पुरत नाही.

पैशांचं गणितही सांगते, कारण पालक विचारतात. पात्र प्रशिक्षणार्थींचं विद्यावेतन महिन्याला ४० रुपयांवरून ५०० रुपये करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. मोठा बदल होता, आम्हाला आनंद झाला. पण २० रुपयांचे पोहे महिन्यातले २५ दिवस खाल्ले तर ५०० रुपये तिथेच संपतात, लोकलचा पास आणि ड्रॉइंगच्या शीट अजून बाकीच असतात. म्हणूनच मावशींची वही मला महत्त्वाची वाटते. मुलगा ‘मावशी, मांडून ठेवा’ म्हणतो, त्या नाव आणि ट्रेड लिहितात, आणि महिनाअखेरीला जमेल तेवढे घेतात. सगळ्यांसमोर थकबाकी कधी बोलत नाहीत. एका मुलाने बरेच दिवस तोंड दाखवलं नव्हतं. तो गल्लीतून मान खाली घालून चालला होता, तेव्हा मावशींनी हाक मारली, ‘ए बाळा, पैशाचं नंतर बघू, आधी खाऊन जा.’ मी तेव्हा चहा घेत होते. सतरा वर्षांच्या मुलाला लाज किती लवकर वाटते आणि ती त्याला कुठे कुठे नेते, हे मी बघितलंय, म्हणून ही हाक मला फार मोलाची वाटते.

इथे गुटखा, सिगारेट, तंबाखू काहीच मिळत नाही. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहेच, पण कायदा आहे म्हणून सगळीकडे पाळला जातो असं नाही. भूक मारायला तंबाखू तोंडात धरणारी मुलं मी पाहते. मावशी तोंडात काही असलेल्या मुलाला आधी चूळ भरून यायला सांगतात, मगच ताटली देतात. ओरडत नाहीत.

मुलींसाठी सुरुवातीला ही जागा सोयीची नव्हती. ड्रेस मेकिंग आणि कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) यांच्या मुली दारातली गर्दी बघून परत जायच्या, आणि दुपारपर्यंत उपाशी राहायच्या. आता स्वयंपाकाच्या बाजूला आत एक बाक टाकलाय, मावशींची सून तिथेच वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं, मुलांमध्येही ३१.१ टक्के. चक्कर, धाप, लक्ष न लागणं, चिडचिड हे सगळं त्यात येतं, आणि वर्गात तेच ‘आळस’ म्हणून नोंदलं जातं. जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, लिंबाने जास्त. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच उसळीच्या ताटलीत लिंबाची फोड ठेवायला सुरुवात केली. चहा मात्र अजून ताटलीसोबतच देतात, कारण मुलं मागतात. मुलींनो, चहा तासाभराने घ्या.

सगळ्यात जास्त मला भावली ती मावशींची नजर. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा रोज उसळ-चपाती घ्यायचा आणि अर्धी तशीच ठेवून उठायचा. वर्कशॉपमध्ये तो मला नुसता शांत वाटत होता, जॉब वेळेत देत होता, त्यामुळे माझं लक्ष दंगा करणाऱ्यांकडे. मावशींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘मॅडम, तो पोरगा जेवत नाही हो. आणि हल्ली एकटाच येतो.’ मी त्याच्याशी बोलले. घरचं काय होतं ते इथे लिहिणार नाही. त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याने माझ्यासमोर केला, पुढचे स्वतःचे स्वतः. तो आता बरा आहे, अप्रेंटिसशिपच्या मुलाखती देतोय. पोट भरलं की मन बरं होतं, असं मी म्हणत नाही. पण जो रोज समोर बसून खातो त्याचं खाणं बंद झालं, तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं. आमच्याकडे हजेरीच्या रजिस्टरमध्ये हे दिसत नाही.

आता उणिवा. जागा फार लहान आहे, आठच्या आधी दहा-बारा मुलं दारात उभीच खातात आणि पाऊस असला की भिजतात. हात धुवायला एकच नळ. ग्रीस आणि लोखंडाच्या काळ्या भुकटीने माखलेले हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत. साबण असतो, पण वडी सगळ्यांत मिळून एकच आणि ती दहा वाजेपर्यंत काळी होते. तिथे लिक्विड सोप हवा, हे मी सांगितलंय. प्यायचं पाणी झाकलेल्या पिंपातून देतात, स्वच्छ असतं, तरी मुलांनी बाटली आणावी. शुक्रवारची मिसळ तेलकट आणि तिखट असते. मुलांना ती सगळ्यात आवडते, पण मी म्हणेन की त्या दिवशीसुद्धा उसळच घ्या. रविवारी बंद. ऑनलाइन पैसे घेतात, पण सकाळच्या गर्दीत सुनेच्या मोबाइलला रेंज नसते, तेव्हा सुटे ठेवा.

रमजानमध्ये आमच्या बॅचमधली बरीच मुलं रोजा ठेवतात. त्या महिन्यात मी फायलिंग पहिल्या दोन तासांत उरकते आणि पुढे ड्रॉइंग घेते. मावशी संध्याकाळी कामावर जाणाऱ्या मुलांसाठी खजूर आणि केळी बांधून ठेवतात, इफ्तारच्या वेळी ती लोकलमध्येच असतात म्हणून.

दुसऱ्या ट्रेडच्या निदेशकांना एक विनंती. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात मावशी साडेसहाला उघडतात, पण किती मुलं येणार हे आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं, नाहीतर मटकी भिजवलेली नसते. बॅचच्या मॉनिटरकडून आकडा घ्या आणि सहाच्या आत फोन करा. ज्यांच्याकडे त्या दिवशी पैसे नसतील त्यांची नावं वेगळी देऊ नका, नुसता एकूण आकडा द्या. बाकी वहीत काय लिहायचं ते त्या बघतात.