निळ्या शंखपुष्पीचे नऊ महिने

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही सहा दिवस वर्ध्याला लग्नाला गेलो होतो. घरी पाणी घालायला कोणी नव्हतं. परत आलो तर मोगरा करपलेला, तुळशीच्या काड्या झालेल्या, आणि कंपाउंडच्या कडेला फेब्रुवारीत लावलेली शंखपुष्पी जिवंत! पानं मुडपली होती, फुलं जेमतेम चार. संध्याकाळी बादलीभर पाणी दिलं, चार दिवसांत पुन्हा निळी चादर. 40 रुपयांचं एक, अशी तीन रोपं घेतली होती. दीड हात जागा तिने एप्रिलपर्यंतच व्यापली.

माझी खरी तक्रार फुलांच्या वेळेची. सकाळी उमलतात, दुपारी मिटतात. मी घाईघाईत साडेनऊला ऑफिसला निघते, सहाला येते, तेव्हा नुसता हिरवा पाला. एवढा जीव लावायचा आणि फुलं बघायला रविवारची वाट पाहायची, हे मला अजून सहन होत नाही. ढगाळ दिवशी तर नीट उघडतही नाहीत. हे रोप देताना कोणीतरी सांगायला हवं होतं.

आणखी एक सांगायला हवं होतं. नर्सरीत शंखपुष्पी म्हणून देतात ती ब्राझीलकडची आहे. आपल्या माळावरची विष्णुकांता तिची बहीण. फूल नखाएवढं, काड्या तारेसारख्या. औषधाच्या आशेने नर्सरीतली पानं खाऊ नका. आयुर्वेदातही शंखपुष्पी नेमकी कोणती, यावर मतं वेगळी आहेत.

जूनपर्यंत मी हिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. जुलैच्या झडीत मत बदललं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. दोन रोपं मुळाशी कुजली. हिला तहान सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. दोष मातीचा नाही, माझा. लावतानाच मुरूम आणि रेती घालायला हवी होती. उरलेल्या रोपाच्या काड्या कापून मुरमाच्या उंचवट्यावर लावल्या, बहुतेक लागल्या. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी मात्र घालू नका, क्षार साचतात.

त्याच मुरमातून ऑगस्टमध्ये एक बारीक वेल जमिनीलगत पसरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन जी, गवत पाळून राहिल्या काय?" मी उपटणारच होते, तेवढ्यात सकाळी तिला इवलंसं निळं फूल दिसलं. आपली विष्णुकांता, फुकटची! आता तिच्या बिया पिकून पडेपर्यंत तिथे खुरपं लावू देणार नाही. काकूंना रविवारी सकाळी आठला बोलावलंय.