सीनियर खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट : बायआउट करावं की अर्धा पगार ठेवून ट्रेड?

आमच्या मित्रमंडळींच्या कॅप लीगमध्ये (टीमच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, तीच कॅप) नियम सगळे एनएचएलचेच, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचेच, आणि सध्या एकाला प्रश्न पडलाय की चौतिशीतल्या डिफेन्समनची दोन वर्षं उरलीयेत, वर्षाला 60 लाख डॉलर, त्याला बायआउट करू का, म्हणजे उरलेल्या पैशांचा काही भाग देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडू का. मी पण याच पेचात होतो, मी बायआउट टाळलं आणि अर्धा पगार माझ्याच कॅपवर ठेवून त्याला दुसऱ्या टीमला दिलं, म्हणजे ट्रेड केला. का ते सांगतो, पटलं तर घ्या.

बायआउटमध्ये उरलेल्या 1.2 कोटींचे दोन तृतीयांश, म्हणजे 80 लाख, दुप्पट वर्षांत विभागून द्यायचे. चार वर्षं 20-20 लाख कॅपवर. ट्रेडमध्ये 50 टक्के ठेवले तर 30 लाख, पण दोनच वर्षं, मग पाटी कोरी. पहिल्या दोन वर्षांत बायआउटवाल्याला वर्षाला 10 लाख जास्त मोकळे मिळतात हे खरंय, कप (लीगची ट्रॉफी) जिंकायची संधी आत्ताच असेल तर ते मोलाचे ठरू शकतात. शिवाय ट्रेडला समोरचा फुकट तयार होत नाही, वर ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचा हक्क) मागतो, मला सेकंड राउंडचा द्यावा लागला आणि तो देताना जिवावर आलं.

पण बायआउटचं ते मागे राहणारं शेपूट मला सहन होत नाही. मी मिनेसोटात राहतो, इथल्या वाइल्ड टीमचा फॅन, त्यामुळे हे जवळून भोगलंय. 2012 मध्ये वाइल्डने पॅरिसे आणि सुटर या दोन खेळाडूंना 13 वर्षांची, प्रत्येकी 9.8 कोटींची कॉन्ट्रॅक्ट्स दिली आणि जुलै 2021 मध्ये दोघांचं बायआउट केलं. बायआउटची रोख रक्कम वर्षाला तशी किरकोळ, पण मूळ पगार सुरुवातीच्या वर्षांत भरभरून दिलेला असल्याने त्याचा हिशोब नंतर कॅपवर आला, 2023-24 ला दोघांचे मिळून 1.47 कोटी डेड कॅप (टीममध्ये नसलेल्यांसाठी अडकलेली कॅप), आणि लीगची कॅपच 8.35 कोटी! त्याआधीच एका सीझनमध्ये 85 पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून) केलेल्या आमच्या फियालाला द्यायला पैसे नाहीत म्हणून तो लॉस एंजेलिसला गेला. 2023 च्या प्लेऑफ्समध्ये डॅलसने आम्हाला सहा मॅचमध्ये घरी पाठवलं, तेव्हा सुटर त्यांच्याकडून शांतपणे आपल्या झोनमधून पक बाहेर काढत होता आणि त्याच्या नावाचे 63.7 लाख आमच्या कॅपवर होते. ते बघताना जो संताप झाला ना, तिथेच माझं ठरलं.

वाइल्डची बाजूही आहे हं. पॅरिसे-सुटर दोघांकडे नो-मूव्ह क्लॉज होता, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय हलवता येत नव्हतं, आणि सिएटलचा एक्स्पान्शन ड्राफ्ट (नवी टीम बाकीच्यांचे खेळाडू उचलते तो) तोंडावर होता, दोघांना ठेवलं असतं तर दुसऱ्या कुणालातरी सोडावं लागलं असतं. आणि फियालाच्या बदल्यात फेबर हा डिफेन्समन मिळाला, तो सोनंच निघाला.

व्हँकुव्हरनेही 2023 ला डिफेन्समन एकमन-लार्सनला बायआउट करून सोडलं, त्याचं कॉन्ट्रॅक्ट 2027 ला संपणार होतं, बायआउटचा भार 2031 पर्यंत. पुढच्याच सीझनला फ्लोरिडाकडून त्याने कप उचलला, म्हणजे माणूस संपलेला नव्हता.

त्यामुळे एक-दोन वर्षं उरली असतील तर मी तरी पिक देऊन ट्रेड करेन. पण ठेवलेल्या पगाराचे स्लॉट एका टीमला तीनच असतात, ते भरलेत का बघा. चार वर्षं उरलीयेत आणि खेळाडू ट्रेडला हो म्हणत नाही, तेव्हाच बायआउटचा विचार करा, आणि त्याआधी कॉन्ट्रॅक्टमध्ये साइनिंग बोनस किती ते नक्की बघा, कारण बोनस बायआउटमध्ये कमी होत नाही, पगार कमी आणि बोनसच जास्त असेल तर हाती फारसं काही लागत नाही.