नगरपरिषदेची बांधकाम परवानगी : पोर्टलला चार तारे, टेबलाला दोन

हॉटेलचं, मोबाइलचं, मिक्सरचं परीक्षण लोक रोज लिहितात. घर बांधायच्या परवानगीचं कोणी लिहीत नाही. खरं तर हीही पैसे मोजून घेतलेली सेवाच, आणि चांगलीच महागातली. म्हणून मी लिहितो. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गावाचं नाव टाकत नाही, भोगवटा प्रमाणपत्रासाठी (घर पूर्ण झाल्यावर राहायला मिळणारा दाखला) अजून त्याच दारात जायचंय.

आमचं घर गावठाणातलं, धाब्याचं. सात खण, सागाच्या तुळया, वर मातीचं छत. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला तरी आत बसवतं. पण पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची तर आता ते काम जाणणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी ऐकून स्लॅब स्वस्त वाटतो. मागचा खण गळायला लागला तेव्हा ठरवलं, पाडून तळमजला अधिक एक बांधू. बँकेने लगेच सांगितलं, मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणा, मग पहिला हप्ता. गावठाणात आजही अर्धी घरं परवानगीशिवाय उभी राहतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कर्ज लागलं की मात्र कागद लागतो.

परवानगीचं काम नगरपरिषदेत सुरू होत नाही, ते भूमी अभिलेखच्या कार्यालयात सुरू होतं, हे आधी कोणी सांगत नाही. आमच्या मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) आजोबांचं नाव. घरपट्टी वडिलांच्या नावाने. वीजबिल माझ्या नावाने. घर एक आणि मालक तीन, त्यातले दोन वर गेलेले. वारस नोंद लावायची तर दोन्ही आत्या वारस. एक शिरपूरला, दुसरी साक्रीकडे. दोघींनी हक्कसोड पत्र करून दिलं, दुय्यम निबंधकाकडे येऊन अंगठे-फोटो दिले. धाकट्या आत्याने तिथेच बाकावर बसून माझ्याकडून वरच्या मजल्यावरच्या एका खोलीचं वचन घेतलं, 'दिवाळीले ऊ ते मनी खोली' म्हणून. ते नकाशात कुठे लिहायचं असतं माहीत नाही, पण पाळावं लागणार. मग फेरफारची नोटीस, हरकतीची मुदत, मग नवं पत्रक. हे सगळं नगरपरिषदेच्या हिशेबात कुठेच धरलेलं नसतं, पण तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. माझा तरी इथेच गेला.

त्यानंतर मोजणी. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखने जागा मोजून दिलेला हद्दीचा नकाशा, हातात आल्याशिवाय नकाशा काढायला बसूच नका. पत्रकावर क्षेत्र एक आणि जागेवर दुसरं, हे गावठाणात नेहमीचं आहे. भिंती शेजाऱ्याच्या सामाईक, कोपरे वाकडे, आणि 'इथून तिथपर्यंत आपलं' हे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. आमचा फरक थोडा निघाला. शेजारच्या गल्लीत एकाचा मोठा निघाला, त्याचं प्रकरण अजून तिथेच आहे.

आता पोर्टल. महाराष्ट्रात अर्ज महावास्तु नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून जातो आणि नियम लागतात ते डिसेंबर २०२० मधल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे. पूर्वी ठिकठिकाणी वेगवेगळे नियम चालायचे, आता मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर सगळीकडे एकच पुस्तक. अर्ज मालकाने स्वतः भरायचा नसतो, वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता भरतो. आमचा अभियंता तरुण मुलगा, बसस्टँडजवळच्या गाळ्यात एक लॅपटॉप आणि एक प्लॉटर घेऊन बसतो. त्याच्याकडे बसून मी ते काम बघितलं, कारण मला यंत्रं बघायची सवय आहे.

नकाशा तिथे माणूस आधी बघत नाही, सॉफ्टवेअर बघतं. भिंत, दार, खिडकी, जिना, भूखंडाची हद्द, प्रत्येकाची रेघ ठरलेल्या नावाच्या लेअरमध्येच हवी. नाव चुकलं की संगणकाला तुमचा जिना दिसतच नाही. पहिल्या खेपेला आमचा नकाशा परत आला, शेरा असा की भूखंडाची सीमा बंद नाही. पोरगा म्हणाला, 'भाऊ, रेघ तर पूर्ण आहे.' त्याने कोपरा मोठा करत करत नेला, पडद्यावर नुसता कोपराच उरला, तेव्हा दोन टोकांमध्ये केसाएवढी फट दिसली. मला हसू आलं. स्टेटरमध्ये कॉइलचं एक टोक सुटलं की बाहेरून सगळं झकास दिसतं आणि मोटर हूं की चूं करत नाही, तसलंच. त्याने टोक जोडलं, पुन्हा चढवलं, पुढे सरकलं. या कामात सॉफ्टवेअर कोणाचा भाऊ नाही आणि कोणाचा वैरी नाही. चार तारे त्याचेच. एक कापला कारण शेरे इंग्रजीत येतात आणि मालकाला ते वाचता येतील ही अपेक्षा कोणी ठेवलेलीच नाही.

अजून एक चांगली गोष्ट, फाईल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे ते लॉगिनमधून दिसतं. 'साहेबांकडे पाठवली' आणि 'अजून खालीच आहे' यातला फरक आता तोंडी राहिला नाही. गिऱ्हाईक जळालेला सबमर्सिबल पंप घेऊन येतं तेव्हा पैशाआधी 'कधी देशील' विचारतं, केळीला पाणी थांबलेलं असतं. मलाही नगरपरिषदेकडून तेवढंच हवं होतं.

दिवसांचं गणित मात्र नीट समजून घ्या. नियमावलीत लहान भूखंडांना सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरतात. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत १० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमची जागा दोनशेच्या आसपास, म्हणजे दहा दिवसवाल्यांत. ऐकायला छान. पण हे दहा दिवस 'परिपूर्ण' प्रस्तावाचे. एक त्रुटी निघाली की प्रस्ताव अपूर्ण, आणि तुमचे दिवस मोजणं बंद. त्रुटी एकदम सगळ्या सांगितल्या असत्या तर मी कुरकुर केली नसती. इथे एक भरली की दुसरी उगवते. आधी घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, तो दिल्यावर पाणीपट्टीचा, तो दिल्यावर घरपट्टी अजून वडिलांच्या नावाने का. हे तिन्ही कागद एकाच इमारतीत, एकाच नगरपरिषदेचे. वसुलीच्या टेबलावरून बांधकामाच्या टेबलापर्यंत ते मीच वाहून नेले.

तुमच्या कानावर साठ दिवसांची गोष्टही येईल. ती खोटी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६, कलम ४५ पोटकलम ५: ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. पण नकाशा नियमांत तंतोतंत बसलेला असला तरच, आणि बसला की नाही यावर पुढे वाद होऊ शकतो. शिवाय 'मानीव परवानगी' असं म्हणून बँकेत गेलात तर मॅनेजर आधी चहा देतो आणि मग सही-शिक्क्याचा कागद मागतो. त्या वाटेने जाऊ नका.

कार्यालयातल्या दोन ताऱ्यांपैकी दोन्ही तारे एकाच व्यक्तीचे, रचना सहायक म्हणून असलेल्या मॅडमचे. जागा बघायला त्या स्वतः आल्या, दुपारच्या उन्हात, हातात 'क' प्रत आणि लेझर मोजपट्टी. आमची आई ओट्यावर बसलेली होती. पन्नास वर्षं त्या ओट्यावर तिने गहू निवडले, पापड वाळवले, गल्लीचा हिशेब ठेवला. मॅडमनी भिंतीपासून मोजलं, कागदावर बोट ठेवलं आणि मला बाजूला बोलावून म्हणाल्या, 'दादा, तुमची हद्द भिंतीशी संपते. ओटा गल्लीत आहे.' म्हणजे अर्ध्या शतकाचा ओटा नगरपरिषदेच्या जागेवर. आणि गल्ली साडेचार मीटरहून अरुंद असल्याने नवी भिंत गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर आत घ्यायची, म्हणजे आहे तीही थोडी मागे सरकणार.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'ओटा नही ते घर कसानं रे भो?' मॅडमनी ते ऐकलं. त्या हसल्या नाहीत, की नियमही तोंडावर फेकला नाही. अभियंत्याला तिथेच सांगितलं की बैठकीची खोली आणखी आत घ्या, ओटा तुमच्या स्वतःच्या हद्दीत बसवा आणि नकाशात दाखवा. बैठक लहान झाली, ओटा राहिला. अशी माणसं प्रत्येक नगरपरिषदेत का नसतात हा प्रश्न शासनाला विचारावा, कारण या मॅडमकडे आणखी एका गावाचा अतिरिक्त कार्यभार आहे आणि त्या आठवड्यातले काहीच दिवस आमच्याकडे असतात. बाकीचे दिवस फाईल शांत.

आता टेबल. अर्ज ऑनलाइन, नकाशा ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, आणि आवक-जावकला तरीही छापील संच हवा, प्रत्येक पानावर सही. का, तर 'साहेबांना कागदावर बघायची सवय आहे'. प्लॉटरवर मोठे नकाशे काढायचा खर्च तुमचा. कोणी माझ्याकडे थेट पैसे मागितले नाहीत, हे प्रामाणिकपणे लिहितो. बाहेरच्या चहाच्या टपरीवर मात्र एक गृहस्थ आपणहून भेटले, 'फाईल चालवून देतो' म्हणाले. त्यांना माझ्या फाईलची त्रुटी माझ्याआधी ठाऊक होती. ती कशी, हे त्यांनाच विचारायला हवं होतं, पण मी पुढचा चहा सांगितला आणि विषय बदलला. तुमच्या गावी असे कोणी भेटले तर एक लक्षात ठेवा, परवानगीची सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित असेल तर मुदत आणि अपिलाचा अधिकारी कोण, ते कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडे तो फलक जिन्याखाली आहे, कपाटाच्या मागे. वाकून वाचावा लागतो, पण वाचता येतो.

पैशाचं थोडक्यात. छाननी शुल्क किरकोळ. मोठी रक्कम विकास शुल्काची, ती रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या, दरावर निघते, त्यामुळे बाजारपेठेला लागून घर असेल तर जास्त बसते. शिवाय बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर. स्वतः राहायचं घर १० लाखांच्या आत असेल तर तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागत नसे, पण सळईच्या भावात दहा लाखांत घर होत होतं कुठे; आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५० लाख आहे. चलन ऑनलाइन निघालं, पावती त्याच क्षणी आली. इथे तक्रार नाही.

प्रमाणपत्र आलं ते डिजिटल सहीचं, पीडीएफ. बँकेने घेतलं, कुरकुर नाही. मुदत एक वर्षाची, काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण. मृगाच्या आत धाबं उतरवलं, तुळया चोपड्याच्या एका सुताराने नेल्या, दोन ठेवून घेतल्या, त्यांचा झोपाळा करायचाय.

ज्यांना येत्या उन्हाळ्यात बांधायचंय त्यांनी पितृपक्ष संपला की लगेच मालमत्ता पत्रक काढून बघावं. नाव जुनं असेल तर दिवाळीत सगळे भाऊ-बहीण घरी आलेले असतात, तेव्हाच हक्कसोडीचं बोलून घ्यावं, नंतर एकेकाच्या तारखा जुळत नाहीत. अभियंता निवडताना त्याचा आधीचा एक मंजूर नकाशा मागून बघा. मोठा बोर्ड आणि वातानुकूलित ऑफिस असलेल्यांपेक्षा आमचा बसस्टँडवाला पोरगा स्वस्त पडला आणि फोन उचलतो.

जोत्यापर्यंत काम आलंय. जोते तपासणीचा अर्ज पोर्टलवर टाकला आहे. मॅडम दुसऱ्या गावी आहेत, गवंडी रोज विचारतो पुढचं कधी, आणि लॉगिन उघडलं की फाईल आवक-जावकच्याच टेबलावर दिसते.