इंडियन ओशन गोव्यात लाइव्ह : तबला ऐकू आला, पैसे वसूल

इंडियन ओशनला लाइव्ह ऐकायला जाताना मी एकच गोष्ट बघतो, ड्रम्स आणि बेसच्या गदारोळात तबला ऐकू येतो का. लाइट्स, धूर, मागची मोठी स्क्रीन वगैरे सगळं ठीक आहे, पण या बँडचा जीव तबल्यात आहे आणि तो दबला तर मग घरी स्पीकरवर ऐकलेलं बरं. पणजीजवळ मोकळ्या मैदानावर परवा शो झाला त्यात तबला ऐकू आला आणि असा आला की अजून डोक्यात वाजतोय, म्हणून आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. कापलेला एक आयोजकांचा, बँडचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला बँड, २००० साली ‘कंदिसा’ अल्बम आला आणि घरोघरी पोचला. तेव्हा असीम चक्रवर्ती मांडी घालून बसायचे, तबला वाजवता वाजवताच गायचे, ते २००९ च्या डिसेंबरात गेले. पुढे २०१३ मध्ये गिटारवाले सुस्मित सेनही बाहेर पडले. आता राहुल राम बेस गिटारवर, अमित किलम ड्रम्सवर, गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गिटारवर निखिल राव. जुने फॅन म्हणतात की असीमदा गेले तिथेच बँड संपला, मला हे अजिबात पटत नाही. एक माणूस जे काम करायचा ते दोघांत वाटलं गेल्यामुळे तबल्याला उलट मोकळीक मिळालीय, गाणारा श्वास घेतो तेव्हाही तबला थांबत नाही.

सोबत माझा मामेभाऊ होता, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, डिचोलीकडे भजनाला तबला वाजवतो, रॉक शोला पहिल्यांदाच आलेला. गेटवरच त्याचं डोकं फिरलं. आत रोख चालत नाही, एक कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, पाण्याच्या बाटलीलाही तेच कार्ड आणि उरलेले पैसे परत नाहीत, हे कुठेही आधी लिहिलेलं नव्हतं. दादा काउंटरवरच्या मुलाला म्हणाला, "अरे बाबा, पैसे माझे ना, मग परत का नाय देणार?" त्या पोराकडे उत्तर नव्हतं, आणि त्याचा काय दोष. कमीत कमी भरा एवढंच सांगतो. खायचं ठीकठाक होतं, रस ऑम्लेट चांगलं, पाव मात्र गार.

खरा राग आला तो वेळेचा. तिकिटावर सात, सुरू झालं सव्वाआठला. उशीर झाला म्हणून शो तेवढा पुढे नेता येत नाही, उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद, नियमच आहे आणि आजूबाजूला राहणाऱ्यांचा विचार केला तर योग्यच आहे. म्हणजे उशीर होतो तो सगळा आपल्या गाण्यांतून कापला जातो. ज्यांना हे मैदान आणि हा नियम माहीत आहे त्यांनी साउंडचेक दुपारीच संपवायला नको का?

पण मग सुरू झालं.

पहिल्या गाण्याला आम्ही स्टेजच्या अगदी पुढे होतो आणि तिथे नुसता बेस, छाती थरथरत होती, तबल्याचा पत्ता नाही. दादा माझ्या कानात ओरडला, "डग्गा खाल्ला रे यांनी!" त्याला ओढत मागे नेलं, मैदानाच्या मधोमध साउंडवाला बसतो त्या मिक्सरच्या टेबलाजवळ. सबवूफर, म्हणजे खोल बेसचे मोठे स्पीकर, स्टेजच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलेले असतात, त्यांच्यासमोर उभे राहिलात तर बाकी सगळं बुडणारच, आणि मिक्स करणारा माणूस स्वतःला जे ऐकू येतं त्यावरच आवाज लावतो, म्हणून तिथेच उभं राहायचं. फरक इतका की चाटेवरची, म्हणजे तबल्याच्या काठावरची, टिचकीसुद्धा वेगळी ऐकू यायला लागली. साउंड इंजिनिअर जो कोण होता त्याला माझा सलाम, तबल्याचा माइक एवढा उचलूनही एकदासुद्धा शिट्टी वाजली नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये स्क्रीनवर तबल्याचा क्लोजअप आला. तुहीन हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या विणलेल्या गोफावर, ठोकून सूर लावत होते, एक ठोका, बोटाने चाट, मान तिरकी, परत ठोका, जरा फिरवून पुढच्या घरावर. इकडे निखिल राव हळूहळू सूर धरून होते. आजूबाजूची मुलं मोबाइल बघत होती आणि दादा एकटक तिकडे. म्हणाला, "दमट हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरातून उतरते, आपल्याकडे असंच, दर अभंगाला बघायला लागतं." मग लागला तबला. तो जुळला तेव्हा दादाने जी मान हलवली ती मी त्याच्या भजनात शंभरदा बघितलीय.

‘माँ रेवा’ला मात्र मला राहवलं नाही. हे नर्मदेचं लोकगीत, राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते, तिथून ते गाणं बँडमध्ये आलं. आपल्या नंदुरबारची गावं धरणामुळे त्याच पाण्यात गेली, त्यामुळे मराठी माणसाला हे गाणं नुसतं नदीचं कौतुक म्हणून ऐकता येत नाही. मधे अमितनी ड्रम्स सोडून गबगुबी हे तारेचं लोकवाद्य काढलं, एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची, ताण बदलला की सूर वर-खाली पळतो, पुढची पोरं वेडी झाली.

शेवट ‘कंदिसा’ने. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, भाषा अरामी, मैदानात कुणालाच शब्द कळत नसणार तरी सगळे गात होते. आमच्या डावीकडे एक म्हातारं ख्रिश्चन जोडपं हात धरून उभं होतं, उजवीकडे कॉलेजची गँग, आणि मध्ये आमचा दादा मांडीवर ठेका धरून पूर्ण आवाजात. घड्याळ दहाला टेकत होतं आणि वन्स मोअरला वेळच उरला नव्हता. सव्वा तास वाया गेला नसता तर अजून निदान तीन-चार गाणी झाली असती, याचं वाईट अजून वाटतंय.

जाणार असाल तर स्वतःची गाडी न्या, रात्री परत यायला बस मिळणं कठीण, आणि म्हापशाकडून येणाऱ्यांनी पर्वरीच्या ट्रॅफिकसाठी हातात वेळ ठेवा. लहान मुलं असतील तर कानात घालायचे बोळे हवेतच, स्टेजजवळ तर मोठ्यांनाही हवेत. महागडं पुढचं तिकीट घेऊ नका, साधं घ्या आणि मिक्सरपाशी जागा पकडा. आयोजकांना मी मेल केलाय, कार्डातले पैसे परत द्या आणि पुढच्या वेळी सातचा शो सातला सुरू करा म्हणून. दादा विचारतोय परत कधी आहे, त्याच्या भजनी मंडळातले अजून चौघं यायचं म्हणतायत.