मांजरीच्या केसांच्या गोळ्यांवर काय द्यावं: इसबगोल की लाल भोपळा?

अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचे हे गोळे होतात; ते केस पुढे सरकायला तंतूंची मदत होऊ शकते. दोन्हींत तंतू आहेत, पण प्रमाणात फार अंतर आहे. चमचाभर उकडलेल्या भोपळ्यात तंतू जेमतेम दशांश ग्रॅम, बाकी बहुतेक पाणीच. इसबगोलाचा भुसा मात्र जवळपास सगळा तंतूच. पाव चहाचा चमचा पुरतो.

फक्त तो कोरडा कधीच देऊ नका. तीन-चार चमचे कोमट पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवा. बुळबुळीत खळ झाली की ओल्या खाण्यात मिसळा. कोरडा गेला तर आतलं पाणी शोषून घेतो आणि बद्धकोष्ठ उलट वाढतो. संत्र्याच्या चवीचं, साखरेचं पाकीट नको. साधा भुसाच घ्या.

भोपळा सौम्य, म्हणून चूक झाली तरी निभावते. एक-दोन चमचे, साल-बिया काढून, नुसता उकडून. मीठ-फोडणी नाही, कांदा-लसूण तर मांजरीला विषारीच.

गोळे वारंवार पडत असतील तर आमचा कौल इसबगोलाला, सोबत रोजची फणी. पण मांजर नुसतीच उबळ काढतेय, गोळा पडत नाही आणि खाणंही बंद आहे, तर दोन्ही बाजूला ठेवून थेट पशुवैद्याकडे न्या. आतडं तुंबलं असेल तर फुगणारा भुसा घातकच.