अंदमान की लक्षद्वीप? नागपूरहून निघण्याआधी

नागपूरहून कुठलाही समुद्र लांबच. सुट्टी एक आणि मनात बेटं दोन असतील, तर आधी घरात एक प्रश्न विचारा: पाण्यात डोकं घालायची तयारी आहे का? असेल तर लक्षद्वीप, नसेल तर अंदमान.

ताडोबा-पेंचची सवय असलेल्यांना अंदमानात परकं वाटत नाही, कारण तिथे रान थेट किनाऱ्यापर्यंत उतरतं. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, राधानगरची वाळू संपते तिथेच उंच झाडं सुरू होतात. पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला पक्षी भरपूर. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शहीद द्वीपचा, म्हणजे जुन्या नीलचा, लक्ष्मणपूर किनारा, आणि तोही ओहोटीला. पाणी हटलं की खडकांच्या खळग्यांत डबकी उरतात. एखाद्या डबक्याशी उकिडवं बसायचं आणि सावली हलू द्यायची नाही. आधी काहीच दिसत नाही. मग गोटा वाटत होता तोच चालायला लागतो: रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा! शेजारी समुद्रकाकडी नावाचा मऊ, लांबोडका जीव निवांत पडलेला असतो, बोटभर मासे कपारीतून डोकावतात. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना जमणारी ही सफारी आहे. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवा. शंख-प्रवाळ उचलू नका, आणि मगरीची पाटी दिसली की त्या पाण्यात पायही नको. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरोखरच आहे.

बाराटांग बेटाचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. माझ्या मते तो वगळावा.

लक्षद्वीपला डोंगर नाही, जंगल नाही. ३६ बेटं मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन, तीही प्रवाळाची. नदीच नाही, त्यामुळे गाळ नाही आणि लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचं, पाणी तळापर्यंत नितळ. पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून डोकं खाली घातलं की खरं लक्षद्वीप सुरू होतं. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं समुद्री गवत चरतात, आणि गाईसारखी शांतपणे चरतात. मात्र १९९८ मध्ये समुद्र तापला आणि इथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा फटका बसला. तेव्हा फोटोतली रंगीत बाग जागोजागी मिळेल, असं धरून जाऊ नका. वरवर फिरून परतणाऱ्याला तर ही बेटं दोन दिवसांत संपल्यासारखी वाटतील.

जाण्यायेण्यात अंदमान सोपं. चेन्नई किंवा कोलकात्याहून श्री विजयपुरमचं, म्हणजे पोर्ट ब्लेअरचं, विमान मिळतं. शिवाय सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय मराठी माणूस तिथून परतत नाही. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो आणि वाट कोचीवरून. नागपूरहून केरळ एक्स्प्रेसने एर्नाकुलम, म्हणजे कोचीच, गाठता येतं, पुढे जहाज किंवा अगत्तीचं छोटं विमान.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मी अंदमानच सांगेन. पोहता येणारे दोघं-चौघं असाल तर लक्षद्वीप घ्या, पण विमान-जहाजाच्या जागा मोजक्याच असतात. हिवाळ्यात जायचं तर परवान्याच्या मागे दिवाळीआधीच लागा.